आधी बेलाला

पाण्याचा ग्लास हातात आला की मी तो सरळ तोंडाला लावत नाही. आधी अर्धं पाणी झाडाला घालतो आणि उरलेलं पितो. घरी गच्चीत कुंड्या आहेत, तिथं निभतं. पण पाहुण्यांकडं गेलं की पंचाईत होते. घरची बाई ट्रे घेऊन समोर उभी असते आणि मी ग्लास हातात धरून तिच्या बैठकीत झाड शोधत असतो. बायको कोपरानं ढोसते. एकदा साडूंच्या घरी तर मी प्लॅस्टिकच्या झाडाला पाणी घातलं. तेव्हापासून कुठं गेलो की बायको आधीच सांगून टाकते, "यांना अर्धाच ग्लास द्या. यांच्या ऑफिसात तशी पद्धत हाय."

पद्धत ऑफिसची नाही, शिवकन्याताईंची आहे. ताईंना विचारलं असतं तर त्यांनी लगेच कानावर हात ठेवले असते आणि दुसऱ्याचं नाव सांगितलं असतं. ते दुसरं नाव कुणाचं, ते पुढं येईल. ताई आता नाहीत. तहान लागली की त्यांची आठवण येते. परभणीच्या उन्हाळ्यात ती किती वेळा येत असेल ते तुम्हीच बघा.

मी पाथरीहून बदली होऊन परभणीच्या ऑफिसात आलो, त्या दिवशी त्यांची माझी गाठ पडली. जिल्ह्याच्या गावी असतं तसलंच ते ऑफिस. पिवळा रंग, लांब व्हरांडा, आणि मागं मोकळं अंगण. अंगणात सायकल स्टँड आणि मोडक्या खुर्च्यांचा ढीग. एसटीनं उभ्यानं आल्यामुळं माझा घसा सुकला होता. खाजाभाई शिपाई पाण्याचा ग्लास घेऊन आले. मी चार घोट प्यालो आणि उरलेलं पाणी खिडकीतून बाहेर टाकायला हात उचलला. पाथरीच्या ऑफिसात सगळे तसंच करत. इथंही खिडकीखालची भिंत पूर्वी वर्षानुवर्षं पाणी पिऊन हिरवी झाली होती.

"ओ पाथरीवाले, कुठं टाकायलाव?"

शेजारच्या टेबलावरून आवाज आला. मी म्हणालो, "बाहेर."

"बाहेर कुठं?"

"खिडकीच्या बाहेर."

"म्हंजी भिंतीला. भिंत काय उगवायली का?" बाईंनी पायानं टेबलाखालून एक बादली पुढं सरकवली. रंगाची रिकामी बादली, तिच्या कडेला अजून निळा रंग होता. "ह्याच्यात ओता."

मी ओतलं. नवीन जागी पहिल्याच दिवशी कुणाशी वाजवून घ्यायला नको, एवढाच माझा हिशेब होता. माझं नाव त्यांनी विचारलं नाही. शेवटपर्यंत मी त्यांच्यासाठी पाथरीवालेच राहिलो.

ताई ठेंगण्या आणि अंगानं भरलेल्या. कपाळावर भस्माच्या तीन रेघा, त्यांच्या खाली कुंकू. गळ्यात दोऱ्यात ओवलेली चांदीची डबी, तिच्यात लिंगायतांचं इष्टलिंग. डबी नेहमी पदराआड असायची, पण राग आला की ताईंचा हात आपोआप तिच्यावर जायचा. त्यामुळं हात कुठं आहे ते बघून आम्ही बोलायचं की नाही ते ठरवत असू. अंबाड्यात पेन खोचलेलं. खांद्याला जुन्या लुगड्याची शिवलेली पिशवी, त्या पिशवीत घडी घातलेली दुसरी पिशवी, आणि तिच्यात तिसरी. शिवाय एक स्टीलची ताटली आणि पेला. बाजारात, बँकेत, लग्नात, मयतीला, सगळीकडं ती पिशवी त्यांच्याबरोबर जायची.

त्यांची खुर्ची बटणांच्या बोर्डाशेजारी होती. ती जागा त्यांनी मागून घेतलेली. कुणी टेबलावरून उठलं की ताईंचा हात वर जायचा आणि पंखा बंद. तुम्ही चहाला जा, लघवीला जा, साहेबांच्या केबिनमध्ये शिव्या खायला जा, परत याल तेव्हा पंखा बंदच असायचा. एप्रिल-मेमध्ये घामानं कागद दंडाला चिकटायचे, त्यात हा जाच. नव्या पोरांना वाटायचं बाई चिक्कू आहे. जुन्यांनाही तेच वाटायचं, फक्त ते बोलून दाखवत नसत. एकदा कुणीतरी मागून बोललंच, "सरकारी लाईट, सरकारी पाणी. बाईच्या बापाचं काय जायलंय?"

ताईंनी ऐकलं. हात डबीवर गेला. आम्ही माना खाली घातल्या. पण त्या शांतपणे म्हणाल्या, "बापाचंच जायलंय, म्हणून तर बोलायले."

मग त्यांनी बापाची गोष्ट सांगितली. त्यांचं माहेर झरीचं. अप्पांचं तिथं किराणा दुकान. साखर, डाळ, चहापत्ती, सगळं कागदाच्या पुड्यात बांधून मिळायचं. पुड्याचा दोरा गिऱ्हाईकं जपून ठेवत आणि गुंडाळी करून परत दुकानात आणून देत. मग बाजारात पातळ पिशव्या आल्या. अप्पांनीही आणल्या. पुडा बांधायचा ताप वाचला, गिऱ्हाईकं खूश. पाऊसकाळ सरला, वारं सुटलं आणि गावाबाहेरच्या बाभळींवर त्या पिशव्या जाऊन अडकल्या. एका सकाळी अप्पा काठी घेऊन निघाले, लहानग्या शिवकन्येला बरोबर घेतलं. दिवसभर बाप बाभळीवरच्या पिशव्या काढत होता. काट्यांनी हात रक्ताळले. येणारेजाणारे विचारत, अप्पा, हे काय करायलाव? अप्पा म्हणत, माझं सामान हाय, घेऊन जायलोय.

"पिशवीवर दुकानाचं नाव थोडंच होतं," ताई म्हणाल्या. "दुसऱ्या दुकानाच्याबी असतील. पर अप्पानं ओळखल्या. दुसऱ्या दिवशीपासून पुन्हा कागद आन दोरा." मग त्या आपल्या कामाला लागल्या. फेकणं हा शब्दच त्यांना मान्य नव्हता. कुणी म्हणालं, फेकून द्या, की त्या विचारायच्या, "कुठं?" बस, एवढंच. त्या एका प्रश्नाचं उत्तर द्यायला गेलं की माणूस घोटाळ्यात पडायचा.

भाषण मात्र त्यांनी कधी दिलं नाही, आणि दुसऱ्याचं ऐकलंही नाही. दर जूनमध्ये आमच्याकडं वृक्षारोपण व्हायचं. सायकल स्टँडजवळ एक खड्डा होता, तो कायमचाच. साहेब बदलायचे, रोप बदलायचं, खड्डा तोच. मंडप, हार, फोटो, पर्यावरणावर लांबलचक भाषण. ताई पहिल्या रांगेत बसून निवांत डुलक्या घ्यायच्या. नव्याचे नऊ दिवस संपले की रोपाकडं कुणी फिरकायचं नाही. दसऱ्यापर्यंत त्याची काडी झालेली असायची आणि पुढच्या जूनला खड्डा पुन्हा तयार.

मी यायच्या आधी एका वर्षी रोपवाटिकेतून गुलमोहराऐवजी चुकून बेलाचं रोप आलं. फोटो झाला, लोक पांगले. ताईंनी त्या दिवशी बादली आणली. सगळ्यांच्या ग्लासातलं उरलेलं पाणी दिवसभर तिच्यात जमायचं आणि संध्याकाळी निघताना ताई ती बेलाच्या बुंध्याशी ओतायच्या. खाजाभाई म्हणायचे, "ताई, द्या इकडं, मी टाकतो की." त्या देत नसत. मी आलो तोवर बेल माझ्या डोक्याच्या वर गेला होता आणि बदलून गेलेले तीन-चार साहेब आपापल्या ठिकाणी, ते झाड मी लावलंय, असं सांगत होते. ताईंना त्याचं काही नव्हतं. त्या म्हणायच्या, "लावू द्या की. लावायला काय लागतंय?"

त्यांच्या घरीही मी पुष्कळदा गेलो. यजमान शाळामास्तर होते, निवृत्त झालेले, अतिशय गमत्या माणूस. उन्हाळ्यात नळाला पाणी कधी येईल याची गल्लीत कुणालाच खात्री नसायची. ताईंच्या घरात पाण्याचा एक फेरा ठरलेला होता. तांदूळ धुतलेलं पाणी भाजी धुवायला, ते पाणी कढीपत्त्याला. आंघोळीचं पाणी परातीत धरायचं, त्यानं फरशी पुसायची, आणि फरशीचं पाणी मागच्या केळीला. मास्तर परातीत उभे राहून आंघोळ करत. "आमच्या घरात मी रिटायर झालो," ते मला म्हणाले, "पाणी अजून ड्युटीवर हाय."

त्याच दिवशी मी ताईंना विचारलं, "ताई, एवढ्यानं काय होणार? गावभर टाक्या भरून वाहायल्यात. लोकांना सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी."

ताई शेंगा निवडत होत्या. म्हणाल्या, "तुमी रोज सकाळी दात घासता न्हवं?"

"घासतो की."

"गावातले सगळे घासतेत का, ते बघून मग घासता का?"

मास्तरांना एवढं हसू आलं की त्यांना ठसका लागला. त्यांना पाणी दिलं, आणि त्यांनी अर्ध्यावर ठेवलेला तांब्या ताईंनी उठून कढीपत्त्यात रिकामा केला.

त्यांच्याबरोबर चारचौघांत जायचं म्हणजे मात्र कठीण असायचं. साहेबांच्या मुलीच्या लग्नात मंगल कार्यालयात थर्माकोलच्या पत्रावळी होत्या. पंगतीत ताईंनी पिशवीतून आपली ताटली काढून समोर ठेवली. वाढपी पोरगा थबकला. म्हणाला, "मावशी, पार्सल देत न्हाईत."

"मीबी पार्सल न्हाई," ताई म्हणाल्या. "हितंच बसून जेवणार हाय. वाढ."

साहेबीणबाई लांबून बघत होत्या, त्यांचा चेहरा उतरला. मला वाटलं जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. ताई मात्र चवीनं जेवल्या, ताटली धुतली, धुतलेलं पाणी मेंदीच्या कुंपणाला घातलं आणि नवरीच्या आईला जाऊन म्हणाल्या, "भाजी लय गोड झाली बगा." त्या बाईंना हसावं की रागवावं ते कळेना.

आता त्या भांडणाचं. रंगनाथराव आमचे रोखपाल. देवभोळा आणि सरळ माणूस. श्रावणी सोमवारी ऑफिसच्या बेलाची पानं तोडून नेत आणि महादेवाला वाहात. पान निवडताना तीन दळं अखंड आहेत का, कुठं कीड नाही ना, हे चष्मा पुसून पुसून बघत. कित्येक श्रावण हे चाललं होतं. बादली रोज संध्याकाळी जायची आणि रंगनाथराव तेव्हा कॅश जुळवत असायचे, त्यामुळं ती कुठं जाते हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. एका सोमवारी ते पानं तोडत असताना ताई बादली घेऊन आल्या आणि बुंध्याशी पाणी ओतलं.

"कसलं पाणी हे, ताई?"

"आपलंच. ग्लासातलं उरल्यालं."

रंगनाथरावांच्या हातातली पानं तिथंच खाली पडली. "उष्टं?" ते म्हणाले. "सगळ्या ऑफिसचं उष्टं पाणी बेलाला? आन मी तीच पानं इतकी वर्षं देवाला वाहायलोय? ताई, तुमी गळ्यात लिंग बांधता. तुमाला तरी कळाया पायजे होतं."

आम्ही सगळे व्हरांड्यात जमलो. ताईंचा हात डबीवर गेला. आता काहीतरी सणसणीत येणार म्हणून आम्ही वाट बघत होतो. पण ताई त्यांच्या चेहऱ्याकडं बघत राहिल्या. रंगनाथराव खरोखर रडायला आले होते. ताई हळू बोलल्या, "मी रोज सकाळी ह्याचंच पान लिंगावर ठेवते, रंगनाथराव. मला कधी बाटल्यावानी वाटलं न्हाई. पर तुमाला वाटलं, तर ते खोटं कसं म्हणू."

रंगनाथराव त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी ताईंच्या टेबलाखाली बादली नव्हती. ज्याचं त्याचं पाणी पुन्हा खिडकीतून भिंतीवर जाऊ लागलं. ताई बोलायच्या कमी झाल्या. कुणी उठून गेलं तरी पंखा चालूच राहायचा. आम्हाला वारा मिळत होता, पण त्यात काही चैन पडेना. तो श्रावण नावाचाच होता, पावसानं ओढ दिलेली. बेलाची पानं खालून पिवळी पडायला लागली. ताई जाता-येता झाडाकडं बघायच्या आणि मान फिरवायच्या. दुसऱ्याचा देव दुखावून झाड जगवायचं, हे त्यांच्यानं होईना. आणि झाड वाळताना बघवतही नव्हतं.

पुढच्या सोमवारी रंगनाथराव सवयीनं बेलापाशी गेले. वर बघितलं, खाली गळलेली पानं बघितली. मग त्यांनी हाक मारली, "खाजाभाई, पाणी आणा." खाजाभाईंनी भरलेला ग्लास नेऊन दिला. रंगनाथरावांनी तो तोंडाला लावला नाही. आधी अर्धा बुंध्याशी ओतला, आणि उरलेला तिथंच उभ्यानं प्याले. मग ग्लास घेऊन सरळ ताईंच्या टेबलाशी आले.

"आधी त्याला, मग मला," ते म्हणाले. "आता माझं उष्टं तो पीत न्हाई. त्याचं मी पितो."

ताईंनी त्यांच्याकडं बघितलं. "मग ते तीर्थच झालं की," त्या म्हणाल्या, आणि डोळ्यांना पदर लावला. ताईंना रडताना आम्ही त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बादली टेबलाखाली परत आली. ग्लास आला की आधी अर्धा बादलीत, मग तोंडात. गंमत अशी की अर्ध्या ग्लासात प्रत्येकाची तहान भागत होती. इतकी वर्षं आम्ही उरलेलं देत होतो, आता पहिलं देऊ लागलो. पाणी तेवढंच होतं, पण द्यायला बरं वाटायचं. नवीन माणूस आला की ताई त्याला बादली दाखवून सांगायच्या, "ही रंगनाथरावांची पद्धत हाय बरं का." रंगनाथराव लाजून चष्मा पुसायचे.

ताईंच्या निवृत्तीच्या महिन्यातच अंगणाचं काम निघालं. नवे साहेब हौशी होते. चिखल नको, धूळ नको, मागं सगळीकडं सिमेंटचे ब्लॉक बसवायचे आणि गाड्यांसाठी जागा करायची. ताई केबिनमध्ये गेल्या. मी कागद घेऊन तिथंच उभा होतो.

"झाडाला कोण हात लावायलंय, ताई?" साहेब हसून म्हणाले. "बुंध्याला चिकटून ब्लॉक घेऊ. दिसायलाबी छान दिसंल."

"साहेब, मग पाणी कुठून आत जाईल?"

"अहो, मोठं झालंय झाड आता. ते बघून घेतं त्याचं."

ताई बाहेर आल्या. मला म्हणाल्या, "गळ्यापर्यंत पुरायचं आन म्हणायचं, आमी मारलं न्हाई." मी म्हणालो, अर्ज करू, सगळे सह्या देऊ. त्यांनी मान हलवली. ज्या दिवशी ब्लॉक बसवणारे गवंडी बेलापाशी पोचले, त्या सकाळी ताईंनी आपली खुर्ची उचलली, अंगणात नेली आणि बुंध्याला पाठ टेकून बसल्या. फायली मांडीवर, पेन अंबाड्यात. लोकांची कामं तिथंच चालू. गवंडी म्हणाला, "बाई, उठता का?" ताई म्हणाल्या, "काम करायले, दिसत न्हाई का? तुमी तुमचं करा."

साहेब गॅलरीतून बघत होते. निवृत्तीला टेकलेल्या बाईला काय बोलणार? दुपारी खाजाभाईंनी डबा तिथंच नेऊन दिला. गवंड्यांनी मग खुर्चीच्या भोवतीनं ब्लॉक बसवले. संध्याकाळी ताई उठल्या तेव्हा सगळं अंगण सपाट झालं होतं आणि बेलाच्या बुंध्याशी खुर्चीच्या मापाची माती उघडी राहिली होती. झाडाचं आळं गोल असतं. आमच्या बेलाचं चौकोनी आहे.

निरोपाच्या समारंभात ताई दोनच वाक्यं बोलल्या. झाडाबद्दल काहीच बोलल्या नाहीत. मी नंतर म्हणालो, "ताई, बादलीचं कुणाला तरी सांगून जा." तर म्हणाल्या, "सांगितल्यालं काम साहेब असेस्तोवर चालतंय. ज्याला करायचं त्यो करंल." बादली टेबलाखालीच ठेवून त्या गेल्या. पण सुटेना त्यांना, ते दिसत होतं. फाटकातून त्यांनी मागं वळून बघितलं, आणि ते आमच्याकडं नव्हतं.

पुढं मास्तर गेले. मुलानं ताईंना पुण्याला नेलं. फोनवर म्हणायच्या, "घर लय उंचावर हाय, पाथरीवाले. पाणी ओतायला खाली जमीनच न्हाई." एवढी बोलकी बाई, पण फोनवर फिरून फिरून एकच प्रश्न विचारायची. बेल कसा आहे? मी सांगायचो, चांगला आहे.

तो तितका चांगला नव्हता. रंगनाथरावही निवृत्त झाले होते. मी आणि खाजाभाई आपला अर्धा-अर्धा ग्लास घालत होतो. पण ऑफिसात आता ग्लासच राहिले नव्हते. बैठकीला, पाहुण्याला, प्रत्येक टेबलावर छोट्या बाटल्या आल्या होत्या. दोन घोट प्यायचे, टोपण लावायचं आणि बाटली मागच्या पिंपात टाकायची. पिंप अर्ध्या भरलेल्या बंद बाटल्यांनी भरून वाहायचं. पावसाचं पाणी ब्लॉकवरून घसरून गटारात जायचं. बेल उभा होता, पण शेंडा वाळत चालला होता. ताई येऊन हे बघतील, याची मला धास्ती वाटायची, आणि त्या याव्यात असंही रोज वाटायचं.

नोव्हेंबरात त्या आल्या. पेन्शनवाल्यांना बँकेत हयातीचा दाखला द्यावा लागतो, त्यासाठी मुलाबरोबर परभणीला आल्या होत्या. मला काही कळवलं नव्हतं. मी खिडकीतून बघितलं तर अंगणात बेलापाशी एक म्हातारी उभी. खूप वाळल्या होत्या. अंबाडा लिंबाएवढा झाला होता, पेन नव्हतं. खांद्याला पिशवी मात्र तीच. एक हात बुंध्यावर ठेवून त्या वर वाळलेल्या शेंड्याकडं बघत होत्या. मग त्यांनी पिंपाकडं बघितलं. पिंपाजवळ गेल्या, वाकून एक बाटली काढली, टोपण पिळून उघडलं आणि पाणी चौकोनी आळ्यात ओतलं. रिकामी बाटली बाजूला ठेवली, दुसरी काढली. गुडघे धरून खाली ब्लॉकवरच बसल्या आणि एकेक बाटली उघडून ओतत राहिल्या. टोपणं घट्ट होती, बोटांत जोर नव्हता, काही पदरात धरून पिळावी लागत होती. मी जिन्याकडं धावलो.

माझ्या आधी आमच्याकडची नवीन लिपिक मुलगी तिथं पोचली होती. तिला वाटलं भंगारवाली आत शिरली. "ओ मावशी, बाटल्या न्यायच्या तर न्या, पण पाणी सांडू नका हितं."

ताईंनी मान वर केली. राग नव्हता. हात डबीवरही गेला नाही. "न्हाई माय," त्या म्हणाल्या, "बाटल्या ऱ्हाऊ दे. मला पाणीच पायजे."

मुलगी गोंधळली. मी तिला सांगितलं ह्या कोण. ती ओशाळून मागं झाली आणि आपल्या हातातल्या बाटलीकडं बघत उभी राहिली. ताई मला म्हणाल्या, "पाथरीवाले, माझा दाखला बँकेत दिला. म्हणलं, ह्याचाबी बघून यावं."

"ताई, मी फोनवर चांगला आहे म्हणत होतो."

"हाय की. जित्ता हाय." त्यांनी शेंड्याकडं बघितलं. "वर वाळलाय, पर खाली हिरवा हाय. बुडाला पाणी पडायलंय कुणाचं तरी. कळायलंय मला."

तोवर मागं येऊन उभे राहिलेल्या खाजाभाईंनी माझ्याकडं बघितलं. फाटकाशी मुलगा ऑटो थांबवून हाका मारत होता, गाडीची वेळ झाली होती. ताई सकाळपासून बँकेत उभ्या होत्या, ओठ कोरडे पडले होते. एवढ्या बाटल्या रिकाम्या केल्या, पण त्यातला एक घोटही त्यांनी घेतला नव्हता. मी आत जाऊन कपाटातला जुना स्टीलचा ग्लास काढला, भरून आणला आणि त्यांच्या हातात दिला.

मुलगी बघत होती. ताईंनी एका हातानं बुंधा धरला, कष्टानं उठून उभ्या राहिल्या. ग्लास तिरपा केला आणि अर्धं पाणी आळ्यात सोडलं. माती ते पिईपर्यंत थांबल्या. मग मान वर करून उरलेलं सगळं पाणी सावकाश प्याल्या, ग्लास पालथा धरून राहिलेले थेंब मातीवर झटकले आणि रिकामा ग्लास माझ्या हातात दिला.